रांगोळीपाशी थांबलेले ट्रक

पहिला ट्रक थांबला तेव्हा आंबेवळणात कुणाला काही वाटलं नाही. महामार्ग गावाच्या मधोमध जातो. एका अंगाला शाळा नि बाजार, दुसऱ्या अंगाला एसटी स्टँड नि दवाखाना. ट्रक थांबायचेच. पण या ट्रकसमोर माणूस नव्हतं, म्हैस नव्हती, कुत्रंसुद्धा नव्हतं. होते फक्त सात रंगांचे सात पट्टे. ट्रक त्यांच्या कडेला येऊन उभा राहिला, कपाळावरचा दिवा त्यानं मिचकावला, आणि नवखा पाहुणा दारात घुटमळावा तसा घुटमळत राहिला. आत ड्रायव्हर नव्हता. मालगाड्यांत ड्रायव्हर बसायचे ते दिवस सरून बरीच वर्षं झाली होती.

"बघा!" मंगलआत्यांनी रस्त्याच्या कडेला टाळी वाजवली. "यंत्राला कळलं. दुचाकीवाल्या टोणग्यांना कळत न्हाई."

दुपारपर्यंत त्या ट्रकच्या मागं दुसरा, दुसऱ्याच्या मागं दहावा, आणि ऊन कलताना रांग साखर कारखाना ओलांडून पुढं गेली होती. दिल्लीत कुठल्याशा भिंतीवर महामार्गाची हिरवी रेघ लाल झाली, आणि नगराध्यक्ष सारिका मगदूम यांचा फोन वाजू लागला.

सारिका म्हणजे मंगलआत्यांची सून. आत्या खरं तर सासू, पण सगळा गाव आत्या म्हणतो म्हणून सूनही आत्याच म्हणते. आणि हे सात पट्टे सारिकानंच मागून घेतले होते, गावाकडून.

त्याला कारण होतं ओजस, तिचा एकुलता एक मुलगा. ओजसचं मल्हारवर प्रेम होतं. मल्हार वसावे सातपुड्यातल्या धडगावचा, रंगांवर संशोधन करणारा. दोघं पुण्यात राहत. दोन पुरुषांच्या लग्नाला कायद्यानं मान्यता दिली त्यालाही तीनेक वर्षं झाली होती, पण कायदा मुंबई-पुण्याला जितक्या लवकर पोचतो तितक्या लवकर आंबेवळणाला पोचत नाही. एकदा दिवाळीला दोघं आले, हातात हात घालून बाजारातून निघाले, आणि स्टँडवरच्या टोळक्यानं शिट्ट्या मारल्या. ओजस त्यानंतर घरी आला नाही.

निवडून आल्यावर पहिल्याच सभेत सारिका उठून म्हणाली, "माझ्या पोराला आपल्या गावात रस्ता ओलांडायची लाज वाटली. पोराला न्हवं, मला लाज वाटली. मला शाळेपुढं सात रंगांचं क्रॉसिंग पाहिजे. बाहेरनं येणाऱ्याला लांबनं दिसलं पाहिजे, की हितं कुणालाबी रस्ता ओलांडता येतो."

सभेनं एकमेकांच्या तोंडाकडं पाहिलं. मग तंबाखू मळत बसलेले पांडुतात्या म्हणाले, "ते सगळं बरोबर. पर रंग टिकंल का? मागच्या बारीचा पांढरा आठ महिन्यात गेला."

ठराव मंजूर झाला तो असा.

*

अडचण पुढं आली. महामार्ग केंद्राचा, आणि केंद्रीय मार्ग मंडळाचा नियम सरळ होता: क्रॉसिंग पांढरंच हवं. त्यात द्वेष नव्हता, निदान कागदावर तरी नव्हता. बिनड्रायव्हरच्या ट्रकांचे डोळे काळ्या डांबरावरचे पांढरे पट्टे बघत शिकलेले. निळा नि जांभळा त्यांना डांबराइतकाच काळा दिसायचा. जिथं पट्टा दिसत नाही तिथं माणूस येईल ही शक्यता यंत्र धरत नाही, मग अपघात होतो.

मंडळानं हरकत पाठवली. नगरपरिषदेनं उत्तर पाठवलं. त्यातलं एक वाक्य सारिकानं स्वतः लिहिलं होतं: रस्ता केंद्राचा असेल, पण ओलांडणारे पाय आमच्या गावाचे आहेत.

वाद मिटवला मल्हारनं. तो म्हणाला, "काकू, मोराच्या पिसात निळा रंग नसतोच, माहितेय? पीस खलबत्त्यात कुटलं तर काळपट पूड निघते. पिसावर पापुद्र्यांचे इतके बारीक थर असतात की उजेड त्यांच्यात शिरतो, थराथरावरून उसळतो नि ठरावीक रंगच तेवढा परत येतो. रंग पिसात नसतो, थरांच्या अंतरात असतो. आमचा लेप तसाच आहे. थर मागंपुढं केले की तांबडा, नारिंगी, पिवळा, हवा तो. आणि ऊन-पावसानं विटत नाही, कारण विटायला आत रंगच नाही."

"पर ट्रकला?"

"ट्रकला आणखी एक डोळा असतो. आपल्याला न दिसणारा उजेड, तांबड्याच्याही पलीकडचा, तो बघतो. त्या उजेडात आमचे सातही पट्टे सारखेच झळझळीत. म्हणजे माणसाला इंद्रधनुष्य, ट्रकला पांढरंधोप. मंडळ खूश, आपण खूश."

मंडळ खूश नव्हतं, पण त्याच्यापाशी कारण उरलं नाही. चाचणी म्हणून परवानगी आली. मल्हार लेपाचे डबे घेऊन आला. ओजसनं गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी घेतली. दोघांनी स्टँडमागं माडीवरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, दारात कुंडीत जाई लावली, आणि सारिका रोज काहीतरी निमित्त काढून डबा घेऊन तिकडं जाऊ लागली.

चूक झाली ती रंगवण्याच्या दिवशी. ठेकेदाराला देण्याऐवजी काम गावातल्या बायकांना दिलं, आणि बायकांच्या म्होरक्या होत्या मंगलआत्या. गावात शिरताना महामार्ग अंग चोरून घेतो. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकेक रंग, सात ढांगांत रस्ता पार. तेवढंच रंगवायचं होतं. पण हातात रंग नि समोर मोकळी जमीन आल्यावर या बायका गप्प बसतील होय? तांबड्याच्या कडेनं वेलबुट्टी आली, पिवळ्यात कमळं उमलली, निळ्यात मासे नि हिरव्यात राघू उतरले. शेवटी आत्यांनी चारी कोपऱ्यांना हळदीकुंकू वाहिलं, निरांजन ओवाळलं, आणि सगळं गाव हात जोडून उभं राहिलं.

दुसऱ्या दिवशी शाळेची पोरं रस्ता ओलांडायला आली, रांगोळी बघून थबकली, आणि दहा पावलं बाजूला जाऊन डांबरावरून पलीकडं गेली. त्यांच्या मागून पांडुतात्या. त्यांच्या मागून भाजीवाल्या. रांगोळीवर पाय कोण देणार? असा महिना गेला, आणि मग तो पहिला ट्रक थांबला.

*

दिल्लीहून माणूस आला तो मूळचा नागपूरचा निघाला. पंकज ढोमणे, मंडळाचे निरीक्षक. शेवटचा पल्ला थांबलेल्या ट्रकांच्या कडेकडेनं चालत आलेले, घामानं निथळलेले. सारिकानं ताक दिलं. ते दोन पेले एका दमात प्यायले.

"मॅडम, मी काही रंगाचा दुश्मन नाही जी," ते मिशा पुसत म्हणाले. "पण माझ्या मागं किती कांदा सडून राहिला, माहीत आहे? काऊन थांबले ट्रक, ते आम्ही शोधलं. तुमच्या गावानं शिकवलं त्यांना."

"आम्ही? आम्ही काय शिकवणार?"

"हे ट्रक नकाशावरून रस्ता शिकत नाहीत. माणसांवरून शिकतात. खड्डा, उघडं गटार, तुटून पडलेली वायर, हे नकाशात नसतं, पण माणसं तिथं पाय देत नाहीत. जिथं हजार माणसं वळसा घालून जातात, तिथं काहीतरी भयंकर आहे, असं यंत्र धरते. एका ट्रकनं पाहिलं की सगळ्या ट्रकांना कळते. तुमच्या क्रॉसिंगवर आजवर एक पाऊल पडलं नाही, मॅडम! त्यांच्या हिशोबानं इथं दरी आहे, दरी!"

दारात बसलेल्या मंगलआत्या खुदकन हसल्या. "दरी कुठली, रांगोळी हाय ती."

"आजी, यंत्राला दोन्ही सारखंच दिसते ना! पाय पडत नाही एवढंच त्याला कळते. भीतीनं का भक्तीनं, ते कसं कळावं?" ढोमणे सारिकाकडं वळले. "खरवडून पांढरं करायचा हुकूम आहे. पण चाचणीच्या नियमात एक फट आहे. रविवारपर्यंत ट्रक आपल्या पायानं, म्हणजे चाकानं, पलीकडं गेले तर मी 'दोष नाही' लिहीन. तुम्ही फक्त माणसं चालवा त्याच्यावरून. बस, सरळ चालवा."

"एवढंच ना?" सारिका म्हणाली.

*

शाळा सुटायच्या वेळी सारिकानं गाव गोळा केलं. माईकवरून सांगितलं, समजावलं, थोडं दरडावलंही. लोक माना डोलवत होते आणि एकमेकांना पुढं ढकलत होते.

"तात्या, तुम्ही व्हा पुढं."

"माझा गुडघा धरलाय गं."

"मग शालन, तू चल."

"अवो ताई, त्यो राघू मीच काढलाय. त्याच्या चोचीवर पाय देऊ?"

"बरं, मीच जाते," सारिका म्हणाली. तिनं पदर खोचला, तांबड्या पट्ट्याच्या कडेला आली, उजवा पाय उचलला, आणि तो पाय तसाच हवेत राहिला. लहानपणापासून आईनं घातलेली प्रत्येक रांगोळी तिनं उडी मारून ओलांडली होती. पायाला माईकवरचं भाषण कळत नव्हतं. तिनं पाय मागं घेतला. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, तीही हसली.

शाळेच्या फाटकाशी ओजस उभा होता. तो हसला नाही. वळून चालू लागला.

ती स्टँडमागच्या खोलीत पोचली तेव्हा तो कपाटातले कपडे काढून पलंगावर टाकत होता. मल्हार खिडकीशी उभा होता.

"ओजा, काय झालं रे?"

"आई, मी महिनाभर बघतोय. पोरं बाजूनं जातात. बायका बाजूनं जातात. मी मनाशी म्हणत होतो, सवय नाही, होईल. पहिलं पाऊल गावाचं पडू दे म्हणून मीही बाजूनं जात होतो. आज तू पुढं झालीस. तुझासुद्धा पाय टेकला नाही."

"अरे, रांगोळी हाय म्हणून—"

"त्या साहेबांच्या यंत्राला जे कळलं तेच मलाही कळलं. लोक ज्याच्यावरून चालत नाहीत ते त्यांना नको असतं. स्टँडवर शिट्टी मारत होते ते बरे होते, आई. त्यांचं निदान ऐकू तरी यायचं. रविवारी पट्टे खरवडतील. ते बघायला मी थांबणार नाही."

अख्खी सभा जिंकणारी बाई पोराच्या घडी न घातलेल्या शर्टांकडं बघत बसली.

मागं जिन्यावर काठी वाजली. मंगलआत्या धापा टाकत वर आल्या. त्यांनी जिन्यातूनच सगळं ऐकलं होतं.

"ओजा, हिकडं बघ," त्या पलंगावर टेकून म्हणाल्या. "तू पाळण्यात होतास तवा तुझ्या अंगावरनं कधी कोण ओलांडून गेलं का? न्हाई. का? नको होतास म्हणून? अरे, पाय लावायचा न्हाई अशा किती गोष्टी हायती आपल्याकडं. पुस्तक, ताट, देव्हारा, झाडू, आणि मी काढलेली रांगोळी. ते पट्टं नको असतं, तर लोक थुंकून गेलं असतं. तुला काय ठावं, तुझ्या गावाची थुंकायची हिंमत किती दांडगी हाय?"

मल्हारला हसू आवरेना. ओजसच्या ओठांचा एक कोपरा हलला.

"महिन्याभरात एक पिचकारी पडली का त्याच्यावर? शेजारची भिंत बघ, स्टँड बघ. हितं एक थेंब न्हाई. एवढा मान ह्या गावानं मारुतीच्या पायरीला दिला नसंल."

"पण आजी, पाय ठेवल्याशिवाय ते वाचत नाही," मल्हार हळूच म्हणाला. "आणि तुम्ही कुणी ठेवणार नाही."

आत्यांनी बोटांनी काठीवर ताल धरला, जसा त्या ओवी जुळवताना धरत. खाली दूरवर थांबलेल्या ट्रकांची घरघर येत होती. मग त्यांनी मान वर केली, आणि डोळ्यांत असं काही चमकलं की सारिकाला तिच्या लग्नातल्या सासूबाई आठवल्या.

"एक रांगोळी हाय की, जिच्यावर पाय द्यायलाच लागतो. न्हाई दिला तर काम अर्धं राहतं. सात पट्टं आपण काढलं, आणि एकीच्याबी ध्यानात आलं न्हाई! सारिका, तू चालली हुतीस की तिच्यावरनं. माझ्या लेकाच्या, दिगंबरच्या मागनं."

"सप्तपदी," सारिका पुटपुटली.

मग मल्हार ओजसकडं वळला. त्याच्या कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या होत्या.

"मी पुण्यात दोनदा विचारलं होतं," तो म्हणाला. "तू म्हणालास, कचेरीत गुपचूप सही करू कधीतरी. तिसऱ्यांदा विचारतो."

"इतक्या लोकांसमोर?" ओजस म्हणाला. "भर महामार्गावर? सगळे बघणार."

"बघणार," आत्या म्हणाल्या. "लग्न बघायचंच असतंय."

ओजसनं हातातल्या शर्टाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. जायचं असेल तर मागच्या गल्लीतून रिक्षा होती. राहायचं असेल तर सात पट्टे होते. त्यानं तो शर्ट परत कपाटात ठेवला.

"पण बँडवाल्याला कुणी तसलं चिडवणारं गाणं वाजवायला सांगितलं तर मी उठून जाईन," तो म्हणाला, आणि आत्यांनी त्याच्या गालावरून बोटं ओवाळून कानशिलावर कडाकडा मोडली.

*

रविवारी सकाळी आंबेवळणात जे लग्न लागलं त्याला माणसं होती त्याहून ट्रक जास्त होते. क्रॉसिंगच्या दोन्ही अंगांना रांगा, प्रत्येकाच्या कपाळावर काळा काचेचा डोळा, सगळे डोळे एकाच जागी लागलेले. "एवढं वऱ्हाड कुणाच्या नशिबात नसतंय," पांडुतात्या म्हणाले, "आणि जेवायला एकबी न्हाई!" मल्हारची आई एसटीतून उतरून त्या रांगेच्या कडेनं चालत आली, डोक्यावर मोहाच्या फुलांचं गाठोडं, आणि येताना प्रत्येक ट्रकला माणसासारखं विचारत आली, "लग्नाचं घर कुठं रं बाबा?"

शाळेच्या फाटकात अंतरपाट धरला. मंगलाष्टकं झाली, अक्षता उडाल्या, हलगी कडाडली. मग दोघं मुंडावळ्या सावरत रस्त्याच्या कडेला आले. ओजसनं चपला काढल्या. मल्हारनं काढल्या. आणि मंगलआत्यांनी, जात्यावर बसल्यागत, गळा सोडला:

तांबडा गं पट्टा, जसा दिवस उगवला
पाऊल टाक बाळा, गाव दारात थांबला

ओजसचं पाऊल तांबड्यावर पडलं. पाठोपाठ मल्हारचं. बायकांनी आवाज उचलून धरला.

पिवळा गं पट्टा, हळद लागली उन्हाला
सोन्यासंगं चांदी, कोण नावं ठेवी कुणाला

हिरव्यातल्या राघूच्या चोचीवर ओजसचा पाय पडला तेव्हा शालननं डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. निळा झाला. पारवा झाला. शेवटच्या पट्ट्यापाशी दोघं क्षणभर थांबले. मल्हारनं हात पुढं केला, ओजसनं तो धरला, याच रस्त्यावर, याच स्टँडसमोर.

जांभळा गं पट्टा, जांभळं पिकली रानाला
लेक गेला एकला, जोडीनं आला घराला

सातवं पाऊल पडलं आणि सारिका ओरडली, "आता गाव!"

लग्नाची वाट एकदा नवरानवरी चालून गेले की तिची रांगोळी मोडलेलीच असते. ती मोडायला सगळ्यांना मुभा. पोरं आधी सुटली. मग बायका, मग हलगीवाले उलटे चालत, मग तात्या धरलेला गुडघा विसरून. सारिका आत्यांचा हात धरून निघाली. तिचा पाय या वेळी हवेत राहिला नाही. तरी हाडाची सवय जाते थोडीच? प्रत्येकानं तांबड्याच्या कडेला चपला काढल्या, जो तो अनवाणी पलीकडं गेला, आणि मग कुणाच्या चपला कुठल्या यावरून जी काही भांडणं नि हसणं झालं ते जेवणाच्या पंगतीपर्यंत पुरलं. ढोमणेही गेले. बूट काढल्यावर त्यांच्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला सगळ्या बायकांनी पाहिला, आणि त्यांना दुसऱ्यांदा जिलबी वाढताना एकीनं विचारलं, "साहेब, मोजाबी केंद्राचाच का?"

गाव चालतच राहिलं; इकडून तिकडं, तिकडून इकडं. दुपार कलली तेव्हा रांगेतल्या पहिल्या ट्रकनं दिवा मिचकावला, हळूच पुढचं चाक तांबड्या रेषेवर ठेवलं, आणि सगळ्या गावानं त्याच्यावर अक्षता उधळल्या.

*

पट्टे राहिले. ढोमण्यांनी 'दोष नाही' असं लिहिलं, आणि आणखी चार नगरपरिषदांनी मल्हारकडं लेप मागितला.

काही आठवड्यांनी ढोमण्यांचा फोन आला तेव्हा सारिका ओजसच्या घरी होती. आत मल्हार भाकऱ्या थापायला शिकत होता आणि ओजस प्रत्येकीचा आकार कुठल्या देशासारखा ते सांगत होता. तिनं फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"मॅडम, तक्रार नाही जी, पण वर विचारून राहिले. ट्रक नीट जातात, माणूस असलं तर थांबतात, सगळं बरोबर. पण क्रॉसिंगवर चिटपाखरू नसतानासुद्धा प्रत्येक ट्रक कडेला येऊन जरासा थांबते, आणि मगच पुढं जाते. तुमच्याकडं शिकले, आता तिकडं सातारा, नगर, जिथं जिथं सात रंग आहेत तिथं तसंच. आमचे इंजिनिअर डोकं खाजवून राहिले. काऊन थांबतात?"

सारिका ओजसकडं बघू लागली. ओजस मल्हारकडं. दारात लसूण सोलत बसलेल्या मंगलआत्यांनी मानही वर केली नाही.

"त्यात काय अवघड हाय?" त्या म्हणाल्या. "चपला काढत असतील."